मधलं कडवं

ओढ्यावर पूल हवा म्हणून गावच्या बायका दरसाल जोयडा तालुक्याच्या उत्सवात एकच गाणं म्हणत. उत्सवाला येणाऱ्या तालुक्याच्या साहेबांना चाल भारी आवडायची. पूल सोडून त्यांनी सगळं दिलं: शाल, नारळ, टाळ्या.

यंदा मात्र बायका मंचावर उभ्या राहिल्या, तेव्हा ते गाणं सांगणाऱ्या रक्षिताला म्हणाले, "गाणं दरसाल लांबतंय गं. एक कडवं गाळ."

रक्षिताला आधी थट्टाच वाटली.

"कुठली बाई गाळू, साहेब? पुरात ओढ्यानं एकेक नेली, तसं एकेक कडवं वाढलं. पयलं माज्या आज्जीचं हाय, शेवटचं आईचं."

साहेबांनी मनापासून विचार केला. "मग मधलं गाळ की."

गाणाऱ्यांच्या रांगेतली श्वेता मंचावरून खाली उतरली. मधलं कडवं तिच्या अक्काचं होतं.