रिझर्व्हचं पेट्रोल

दसऱ्याची पूजा व्हायच्या आत सासऱ्यांच्या जुन्या मोटारसायकलचा गळका पेट्रोल कॉक मीच दुरुस्त करायला घेतला. काल गाडी चालता चालता बंद पडली होती, म्हणजे टाकी रिकामी, असं धरून मी कॉक काढला. तळाशी रिझर्व्हचं पेट्रोल उरतं, हे साफ विसरले! धार लागली. भोकावर अंगठा दाबून धरला, तरी पेट्रोल कोपरापर्यंत ओघळून खाली पसरत होतं.

तेवढ्यात सासूबाई पडवीत आल्या. हातात पूजेचं ताट, ताटात पेटलेलं निरांजन, आणि सर्दीनं चोंदलेलं नाक.

"आई, पुढे येऊ नका! दिवा विझवा आधी!"

"सणासुदीला विझवा म्हणतेस?" त्या चिडून आणखी पुढे आल्या. दिवा विझवायचा नसतो, शांत करायचा असतो, आणि फुंकर तर कधीच मारायची नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. "आणि इथे पाणी कुणी सांडलं?"

"पाणी नाही ते, पेट्रोल आहे!"

त्या जागीच थिजल्या. क्षणभरच. मग पाठ फिरवून माघारी पळाल्या आणि उंबऱ्यापाशी फूऽ करून फुंकर मारली.

नवा वायसर बसला, गळती थांबली, फरशी धुतली. हळदकुंकू झालं, झेंडूचा हार झाला.

"आई, ओवाळायचं राहिलं."

"राहू दे," म्हणत त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.