तिसरा ओबो

“आता तिकडे तोंड करा, सर,” चिमणी म्हणाली, आणि सर मुकाट्याने भिंतीकडे वळले.

वाद्य निवडताना पाठ फिरवून ऐकायचं, ही त्यांचीच शिकवण. डोळे चकाकीला भुलतात आणि मग कानांचं कुणी ऐकत नाही.

वाद्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत टेबलावर सनईच्या जातीचे तीन विलायती ओबो मांडले होते. दोन काळे, मधला तांबूस लाकडाचा. दुकानाच्या मालकीणबाई दाराशी हाताची घडी घालून उभ्या होत्या. चिमणीने फुंकायची पत्ती ओठांत भिजवली आणि पहिला उचलला.

चिमणी हे नाव सरांनीच ठेवलेलं. शिकायला आली तेव्हा तिच्या ओबोतून सूर कमी आणि चिवचिवाटच जास्त निघायचा. आता तसं राहिलं नव्हतं. हात चांगला तयार होत होता आणि शाळेकडून मागून आणलेलं जुनं वाद्य तिला अपुरं पडत होतं.

शहराच्या वाद्यवृंदात ओबोची एक खुर्ची रिकामी होती. गेल्या वर्षीच्या चाचणीत कुणीच निवडलं गेलं नाही. चिमणीही नाही. नंतर कितीतरी दिवस तिने वाद्याला हात लावला नव्हता. यंदा पुन्हा चाचणी होती, आणि वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची संधी. झालं तर आत्ता, नाहीतर कायमचं राहिलं.

तिन्ही वाजवून झाले. मधल्याच्या वेळी मालकीणबाईंनी हाताची घडी सोडली होती.

“तिसरा,” सर वळून म्हणाले.

“पण सर, मधला कसा हाताला येतोय! त्याला काही समजवावंच लागत नाही. हा तिसरा नाकात बोलतो.”

“बोलू दे. गोड बोलणारे शंभर मिळतील. याच्या आवाजाला धार आहे.”

“पण...”

“माझ्यावर भरवसा आहे ना?”

चिमणीने मधल्या ओबोवरचा हात काढला. “आहे, सर.”

“नाही पटला तर आठवड्याच्या आत बदलून न्या,” मालकीणबाई पेटी काढत म्हणाल्या.

“पटेल,” सर म्हणाले. मग चिमणीला म्हणाले, “नवं लाकूड आहे. हळूहळू फुंकत जा, घाई केलीस तर तडकेल. आणि आजपासून शिकवणी बंद. मी चाचणीचा परीक्षक आहे, नियम म्हणजे नियम. आता भेट चाचणीनंतरच.”

चिमणी वाकून पाया पडली. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण तिच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही.

चाचणीच्या दिवशी ते आपल्या नेहमीच्या जागेवर बसले. एका बाजूला वाद्यवृंदाचे प्रमुख, दुसऱ्या बाजूला व्हायोलिन वाजवणाऱ्या वयस्क बाई. समोर छतापासून जमिनीपर्यंत जाड पडदा. वाजवणारा पडद्याआड, आणि त्याला नावाऐवजी क्रमांक. कुणी कुणाला झुकतं माप देऊ नये, म्हणून ही सगळी व्यवस्था.

या पडद्यानेच घात केला होता. गेल्या वर्षी याच खुर्चीत बसून सरांनी एका उमेदवाराच्या नावापुढे, म्हणजे क्रमांकापुढे, फुली मारली होती. ती चिमणी निघाली. पोर घाबरली की तिचं वाजवणं कुणाचंही वाटायचं, खुद्द गुरूलासुद्धा ओळखू यायचं नाही. हे त्यांनी तिला कधीच सांगितलं नव्हतं. कोणत्या तोंडाने सांगणार?

म्हणून तिसरा ओबो. नाकात बोलणारा, कुठेही ओळखू येईल असा. जन्मभर त्यांनी या पडद्याचा मान राखला होता. एका पोरीसाठी एकदाच हा नियम मोडायचा, असं त्यांनी ठरवलं होतं, आणि त्याची लाजही त्यांना वाटत होती.

पहिले तिघे आले, गेले. चौथ्याने सूर लावला आणि सरांचा जीव भांड्यात पडला. तोच नाकातला आवाज! मध्ये श्वास अपुरा पडला, एक जागा निसटली. घाबरली बिचारी, सर मनात म्हणाले, आणि त्यांनी भरभरून गुण दिले.

पाचवा यथातथाच. सहाव्याने संथ भाग असा काही उलगडला की व्हायोलिनवाल्या बाईंनी पेन खाली ठेवलं. सरांच्याही अंगावर काटा आला. कुणाची शिकवण असेल ही? क्षणभर त्या अनोळखी गुरूचा त्यांना हेवा वाटला. मग त्यांनी मन घट्ट केलं.

“सहा,” प्रमुख म्हणाले. “यात बोलायचं काय?”

“सूर गोड आहे,” सर म्हणाले, “पण नुसता गोड. एवढ्या वाद्यांत विरघळून जाईल. चारला धार आहे. श्वासाचं काय, तो बसेल पुढे.”

“तुम्हाला मनापासून तसं वाटतं?” बाईंनी विचारलं.

“उगीच केस पांढरे केले का मी ओबो वाजवून?”

प्रमुखांनी खांदे उडवले. “ठीक आहे. ओबोच्या बाबतीत शब्द तुमचा.”

बाहेर निकाल सांगण्याआधी चौथ्या क्रमांकाला आत बोलावलं. पडदा सरकला. एक उंच तरुण, हातात काळा ओबो, डोळ्यांत पाणी.

सर उठून उभे राहिले. “हे वाद्य... कुठून आणलंस?”

“दुकानातून, सर. कुणीतरी घेतलं होतं, पण परत करून दुसरं नेलं. मला लागलीच मिळालं.”

सर तसेच बाहेर आले. व्हरांड्यात उमेदवार निकालाची वाट पाहत होते. टोकाच्या बाकावर, छातीवर सहाचा बिल्ला लावलेली एक मुलगी तांबूस ओबो पुसत होती. त्यांना पाहताच ती लगबगीने उठली.

“रागावू नका हं, सर, तुम्हाला न विचारता बदलला,” चिमणी म्हणाली. “पण आज मी जरासुद्धा घाबरले नाही.”