थोरल्याचा रिपोर्ट

तळ्याकाठच्या आमच्या लिमोने गावात काही घराण्यांच्या रक्तात असा जनुक आहे की, कितीही लोणी खाल्लं तरी कोलेस्टेरॉल अंगाला लागत नाही. मिलानचे डॉक्टर दरवर्षी येऊन रक्त घेऊन जातात. बातिस्ता आणि त्याचा भाऊ, दोघांतही तो सापडला; तेव्हापासून बातिस्ता चौकातून असा चालतो, जणू जनुक त्यानेच घडवला.

यंदा त्याच्या मुलांचे रिपोर्ट आले. धाकट्या रेमोत जनुक निघाला, थोरल्या तुल्लिओत नाही.

"हा माझा नव्हेच! बोल, कुणाचा?" बातिस्ता बायकोवर ओरडला.

"अरे, डॉक्टर काय म्हणाले? तो जनुक निम्म्याच पोरांत उतरतो," एर्नेस्ता म्हणाली.

"डॉक्टरचं काय जातंय सांगायला!"

तुल्लिओ दुपारच्या बोटीने गेला, तो कायमचाच. आठवड्याभरात लिंबांची बाग रेमोच्या नावावर झाली. कागद दाखवत बातिस्ता म्हणाला, "माझं रक्त आहे ते. उगाच नाही दिली."

रेमो बाहेर गेल्यावर एर्नेस्ताने नवऱ्याला मक्याच्या पिठाचा पोलेंटा वाढला आणि शेजारी बसली.



"तुल्लिओ तुझाच होता, बातिस्ता. रेमो तुझ्या भावाचा."