लाल भाताचा डबा
सहा महिन्यांच्या तामाकीच्या लघवीत कॅन्सरची खूण दिसली, म्हणून आरोग्यकेंद्राने फेरतपासणीसाठी पुन्हा टिपकागद पाठवला. तो बाळाच्या लंगोटात भिजवायचा, सावलीत वाळवायचा आणि टपालाने धाडायचा. तिची आई चिझुरू, तिच्या सासूबाईंनी ते काम हौसेने अंगावर घेतलं. आज उत्तर आलं, दोष नाही. सासूबाईंनी लगेच शुभाचा लाल भात रांधला, डबा रेशमी रुमालात बांधला. “जा, शेजारी वाटून ये.” “आई, पण तामाकीचं पोट अजून टणकच आहे,” चिझुरू म्हणाली. “असू दे! कागद मी तुझ्या नणंदेच्या लेकाच्या लंगोटात ठेवला होता. माझ्या धाकटीचं लग्न ठरतंय, घराण्याला रोगाचा डाग नको. डोकं लागतं, सूनबाई!” सडक्या मुळ्याकडे पाहावं तसं चिझुरूने त्यांच्याकडे पाहिलं. डबा त्यांच्यासमोर पालथा केला, त्यात तामाकीचा ओला लंगोट भरला आणि बाळ पाठीशी बांधलं. “वाटून येते, आई. पहिलं घर मोठ्या इस्पितळाचं.”