सामान भरायचा खेळ

“अ‍ॅन छत्री,” आजी म्हणाल्या आणि सगळा वर्ग खो खो हसला.

“अर्धं बरोबर आहे,” बाई म्हणाल्या. “छत्रीला इंग्रजीत काय?”

“अंब्रेला. अ‍ॅन अंब्रेला. काय करू बाई, घरचा शब्द आधी बाहेर पडतो.”

संध्याकाळच्या शिकवणीला अकरा मुलं होती, सगळी दहा वर्षांच्या आतली. बाराव्या या आजी. बाईंनी फरशीवर खडूने दोन गोल काढले होते, एक ‘अ’चा, एक ‘अ‍ॅन’चा. चित्र दाखवलं की बरोबर त्या गोलात उडी मारायची. आजींना उडी जमणार नव्हती, म्हणून त्यांना काठी टेकवायची सूट होती. चिमणी म्हणून सगळे जिला हाक मारत ती मुलगी त्यांना डोळ्यांनी खुणा करी. आजी मुद्दाम तिकडे पाहत नसत. “फुकटचं पचत नाही गं मला,” म्हणत.

‘अवर’ आला की मात्र त्यांची काठी हमखास चुकीच्या गोलात पडे.

“अक्षर बघू नका आजी, कानाने ऐका. पहिलं अक्षर एच आहे, पण ते उच्चारत नाहीत.”

“म्हणजे घरात आहे, पण बोलत नाही,” आजी म्हणाल्या. “कळलं.”

प्रवेशाच्या फॉर्मवर ‘शिकण्याचे कारण’ या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, ‘नातीशी बोलायला’. मुलगा आणि सून नातीशी इंग्रजीतच बोलतात, तिला मराठी येत नाही, एवढंच त्यांनी वर्गात सांगितलं. पुढचं मुलांनी आपलं आपण जोडून घेतलं.

“आजी, तिकडे बर्फ पडतो?”

“मला काय ठाऊक? मी कुठे जाते फारशी!”

“विमानाची भीती वाटते?”

“मला चढायचीच भीती. गुडघे धरतात.”

बाईंना हसू आलं. त्यांचा भाऊ पंधरा वर्षं परदेशात होता. त्याची मुलं फोनवर ‘हाय’ म्हणून गप्प बसत. त्यामुळे आजींचं दुखणं त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती.

एकदा वर्ग सुटल्यावर आजी मागे रेंगाळल्या.

“मागे एकदा गेले होते मी. येत होतं तेवढं इंग्रजी बोलले. ती हसली, खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. लहान आहे, तिचा काही दोष नाही. पण मी तशीच परत आले. पुन्हा चुकले ना बाई, तर पुन्हा जायचा धीर नाही होणार.”

“मुलगा काही म्हणाला नाही?”

“तो कामात असतो. फोन करतो अधूनमधून, काही हवंय का विचारतो.”

“मग सांगता का?”

“काय सांगायचं? वाण्याकडे मिळेल असं काही नको असतं मला.”

 दुसऱ्या दिवसापासून त्यांनी खास आजींसाठी नवा खेळ काढला. आपण प्रवासाला निघालोय असं धरायचं. प्रत्येकाने बॅगेत एक वस्तू भरायची आणि आधीच्या सगळ्यांच्या वस्तू न चुकता म्हणायच्या. आजींचा नंबर सगळ्यात शेवटी. पहिल्या आठवड्यात त्या चौथ्या वस्तूवरच अडकल्या. दुसऱ्या महिन्यात सातपर्यंत आल्या. घरी भांडी घासताना म्हणते, असं सांगत. ऐकायला कोण आहे, असंही एकदा सांगून गेल्या.

आणि एका मंगळवारी त्या काठीला धरून उभ्या राहिल्या आणि डोळे मिटून सुरू झाल्या. अ टॉवेल, अ‍ॅन ऑरेंज, अ युनिफॉर्म, अ‍ॅन अलार्म क्लॉक. एकही अडखळ नाही. बाराव्या वस्तूला मुलांनी बाकं बडवली. चिमणी तर त्यांच्या कमरेला मिठी मारून बसली.

“आता जायला हरकत नाही,” आजी म्हणाल्या. “शुक्रवारी वाढदिवस आहे तिचा. आठ पूर्ण.”

शुक्रवारी मुलांनी त्यांना निरोपाचं कार्ड दिलं. वर ढगांतून जाणारं विमान काढलेलं होतं. आजींनी ते बराच वेळ पाहिलं आणि पिशवीत ठेवलं. पिशवी कापडी होती, लहानशी.

“एवढंच सामान?” बाईंनी विचारलं.

“एवढंच. एक अल्बम आहे, तिच्या बापाचे लहानपणचे फोटो. दाखवता दाखवता बोलायला विषय मिळेल.”

“मी येते तुम्हाला पोचवायला. किती वाजता निघायचंय?”

“सातपर्यंत पोचायला हवं.” आजींनी पिशवी बाईंच्या हातात दिली. “या खरंच. सोबत कोणी असलं की धीर येतो.”

आधी घरी जायचं होतं. घर दोन गल्ल्या पलीकडे, दुमजली. आजींनी तळमजल्यावरची आपली एक खोली उघडली, केस सारखे केले, गॅस बंद आहे ना पाहिलं आणि पुन्हा कुलूप लावलं. बाई फाटकाशी उभ्या राहून टॅक्सी दिसते का बघत होत्या. साताला दहा मिनिटं कमी होती. विमान चुकणार, या काळजीने त्या सारखं घड्याळ पाहत होत्या.

“आजी, गाडी सांगितलीय ना?”

आजींचं लक्ष नव्हतं. त्या जिन्याचा कठडा धरून वर निघाल्या होत्या. वरच्या शेजाऱ्यांचा निरोप घ्यायचा असेल, असं वाटून बाई पिशवी घेऊन मागे गेल्या. दर तीन पायऱ्यांवर आजी थांबत आणि ओठांतल्या ओठांत एकच इंग्रजी वाक्य पुन्हापुन्हा म्हणत.

बेल वाजवली. आत पावलं धावत आली. दार एका लहान मुलीने उघडलं. तिच्या डोक्यावर चमचमत्या कागदाची टोपी होती.

“हॅपी बर्थडे,” आजी म्हणाल्या. “आय हॅव अ‍ॅन अल्बम फॉर यू.”

एकही चूक नव्हती. मुलीने त्यांच्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे, आणि मान वळवून ती आत ओरडली, “डॅडी, युअर मदर इज हिअर!”