लाल दोऱ्याची बाटली

जागतिक स्पर्धेच्या मॅरेथॉनमध्ये थोरल्याचं काम ठरलेलं: तीस किलोमीटर पुढं राहून वारा छातीवर घ्यायचा आणि बाजूला व्हायचं. पदक धाकट्यानं आणायचं. “मागं बघू नकोस दादा, लय मोडते. मी असेनच,” धाकटा म्हणाला होता. थोरल्यानं पाहिलं नाही. मागची पावलं सावलीसारखी सोबत होती. तिसाव्या किलोमीटरला त्यानं टेबलावरची, आईनं खुणेचा लाल दोरा बांधलेली धाकट्याची बाटली उचलून न बघताच मागं धरली. एका हातानं ती घेतली. “जा बाळा,” म्हणत थोरला कठडा ओलांडून शर्यतीबाहेर पडला. समोरून परक्या देशाची जर्सी निघून गेली. प्रशिक्षक धावत आले. “कशाला ओलांडलास? हात हलवून नको म्हणत होतो. धाकटा मघाशीच कोसळला.” दूरवर परक्यानं उरलेलं पाणी डोक्यावर ओतून बाटली भिरकावली. थोरल्याच्या पायांत अजून बारा किलोमीटर शिल्लक होते.