दोरीवरचे कपडे

"तुमचं महिन्याचं भाडं पर्यटक चार दिवसांत देतात," असं ऐकवून मालकाने ज्यूडितेला घर खाली करायला लावलं. वर म्हणाला, "कपड्यांची दोरी तेवढी राहू द्या. फोटोत त्यांना जुनं लिस्बन हवं असतं."

महिन्याभराने ती उपनगरातून बसने जुन्या गल्लीत आली, तेव्हा पाऊस कोसळत होता. तिच्या खिडकीबाहेर शोभेला टांगलेले, कुणीही कधी न घातलेले नवेकोरे शर्ट चिंब भिजत होते. तीस वर्षांत तिने एक मोजाही भिजू दिला नव्हता! तिचं डोकंच फिरलं.

"अहो, कपडे भिजताहेत! काढा की!" ती खालून ओरडली.

खिडकी उघडली. आतल्या पाहुण्याने हसून हात हलवला आणि दोरीकडे ढुंकूनही न बघता तिचाच फोटो काढला.